नोंदवहीत रोज ०.५! हे शक्य आहे का?

टाकीखालचा
नमस्कार मंडळी. इथे पाण्यातली जाणती माणसं बरीच आहेत, म्हणून विचारतो.

आमची पाणी योजना लहानशी आहे. एक विहीर, एक पंप, ५०,००० लिटरची उंच टाकी आणि ११० नळजोडण्या. चालवते आमचीच पाणी समिती. गेल्या महिन्यात समितीचं सचिवपद माझ्या गळ्यात पडलं (बैठकीला उशिरा पोचल्याची शिक्षा). कपाटाची किल्ली हातात आल्यावर जुन्या वह्या चाळायला घेतल्या.

त्यातली एक वही रोजच्या शिल्लक क्लोरीनची, लिटरला किती मिलिग्रॅम ते. सोमवारी ०.५. मंगळवारी ०.५. भर पावसाळ्यात विहिरीचं पाणी लालभडक झालं होतं, तेव्हाही ०.५. टाकी धुतली त्या दिवशी ०.५. पंप जळून तीन दिवस नळाला थेंब नव्हता, त्या तिन्ही दिवशी ०.५. काही पानं तर एका बैठकीत, एकाच पेनाने भरल्यासारखी दिसतात; शाई खालपर्यंत सारखीच फिकट होत गेलेली.

त्यात गेल्या आठवड्यात प्रयोगशाळेचा अहवाल आला: कोलिफॉर्म आढळले, ई. कोलाय आढळले नाहीत. समितीतले ज्येष्ठ म्हणतात, "इतकी वर्षं हेच पाणी पितोय, कोणाला काय झालंय? ई. कोलाय नाहीत ना, मग विषय संपला."

मला दोन गोष्टी कळत नाहीत. अशी वही खरी असू शकते का? आणि या अहवालाचं नक्की करायचं काय?

भोवरा
पाणी नसलेल्या तीन दिवसांत ०.५ कुठे मोजला म्हणे? हवेत?

निवळी
मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मजीव विभागात काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

क्लोरीन टाकला की त्यातला काही भाग पाण्यातला लोह, अमोनिया, सेंद्रिय घाण आणि जंतू खातात. त्यांचं पोट भरल्यावर जो उरतो तो शिल्लक क्लोरीन. विहिरीच्या पाण्याची ही भूक रोज सारखी नसते. पावसाचं पाणी आत उतरलं की ती एकदम वाढते. तुम्ही रोज तेवढीच पावडर टाकत असाल तर शिल्लक आकडा हलायलाच हवा: उन्हाळ्यात एक, पावसाळ्यात दुसरा, टाकी धुतल्यावर तिसरा. वर्षभर न हललेला आकडा बघून मला पाण्यापेक्षा वहीची जास्त काळजी वाटते.

आता अहवाल. कोलिफॉर्म हा मोठा गोतावळा आहे. त्यातले बरेच जण मातीत, पाल्यापाचोळ्यात, पाइपच्या आतल्या बुळबुळीत थरातही राहतात. ई. कोलाय मात्र माणसाच्या आणि उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यातून येतो, म्हणजे विष्ठेचा सरळ पुरावा. तुमच्याकडे तो सापडला नाही ही बातमी चांगली, पण "विषय संपला" म्हणण्याइतकी नाही. क्लोरीन नीट पोचत असता तर नळाच्या पाण्यात साधे कोलिफॉर्मही तगले नसते. याचा अर्थ कुठूनतरी काहीतरी आत येतंय, किंवा क्लोरीन तिथवर पोचत नाहीये.

त्याच नळाचा, त्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या नळाचा, आणि विहिरीचा असे नमुने पुन्हा द्या. आणि एक सांगा, आधीचा नमुना घेतला कोणी आणि कसा?

तळ_दिसतो
निवळीताईंशी थोडा असहमत. क्लोरीन मोजायला पाण्यात रसायन टाकून रंग जुळवायची जी डबी असते, तिच्यावर ठरावीक खुणाच असतात. आमच्या डबीवर ०.२ च्या पुढची खूण ०.५ आणि मग थेट १. पाण्यात ०.४ असो की ०.६, डोळा जवळची खूण पकडणार आणि माणूस ०.५ लिहिणार. आकडा हलत नाही म्हणून लगेच माणसाला खोटारडा ठरवू नका. लहान योजनांत एकच माणूस पंप चालवतो, व्हॉल्व्ह फिरवतो, गळती काढतो आणि वर वहीही लिहितो.

निवळी
मुद्दा मान्य. खुणांमुळे आकडे गोळा होतात हे खरंच. पण ०.२ आणि १ या खुणाही डबीवर आहेत ना? वर्षभरात एकदाही त्या कामी आल्या नाहीत? आणि कोरड्या तीन दिवसांचं काय?

तळ_दिसतो
कोरड्या दिवसांपुढे हात टेकले.

टाकीखालचा
नमुना समितीच्याच एका सदस्याने घेतला. प्रयोगशाळेने बाटली दिली होती. ती नळाखाली तीनदा छान विसळून घेतली आणि काठोकाठ भरली, असं तो अभिमानाने सांगतो.

निवळी
अरे देवा. बाटली विसळायची नसते हो!

तिच्या तळाशी चिमूटभर पांढरी पूड किंवा थेंबभर द्रव असतो, तो सोडियम थायोसल्फेट. नमुन्यातला क्लोरीन तो तिथल्या तिथे मोडून टाकतो. नाहीतर वाटेत क्लोरीन जंतूंना मारत राहतो आणि प्रयोगशाळेत पाणी आहे त्यापेक्षा स्वच्छ दिसतं. म्हणजे बाटली विसळल्याने तुमचा अहवाल बिघडला असेलच तर तो चांगल्या बाजूला बिघडलाय. शिवाय काठोकाठ भरली तर हलवायला जागा उरत नाही.

पुढच्या वेळी नळाची जाळी असेल तर काढा, तोटी आतबाहेर पुसून ज्योतीने शेकवा, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या. झाकण हातातच धरा, आत बोट लावू नका, वर थोडी जागा ठेवून भरा. बर्फाच्या पेटीतून त्याच दिवशी पोचवा. चोवीस तासांच्या पुढे गेलेला नमुना आम्ही परत पाठवतो.

भोवरा
म्हणजे आजवर मी बाटली विसळून देत होतो ती माझी स्वच्छतेची आवड नव्हती, विज्ञानाशी दुष्मनी होती.

मुळाक्षर
एवढा खटाटोप कशाला? ज्याने त्याने घरी आरओ बसवावा. प्रश्न मिटला.

ओंजळ
@मुळाक्षर, ११० घरांतल्या किती घरी बसेल? ज्यांच्याकडे बसणार नाही त्यांच्या पोरांनी काय करायचं? आणि बसवला तरी दात घासणं, भांडी विसळणं नळाच्याच पाण्यावर. आरओ मुळात क्षार कमी करायला असतो. तो क्लोरीनही काढून टाकतो, म्हणजे त्याच्या टाकीत साठलेल्या पाण्याला राखणदार कोणी नाही. आतल्या गाळण्या वेळेवर बदलल्या नाहीत तर आतच जंतूंचं बिऱ्हाड.

घरचं यंत्र जरूर ठेवा, पण ते छत्रीसारखं. छत्री आहे म्हणून छप्पर गळकं ठेवतो का आपण?

मुळाक्षर
बरं बरं, छत्री मिटली.

व्हॉल्व्हवाला
मी अशाच एका योजनेवर एकोणीस वर्षं पाणी सोडलं. आता निवृत्त. म्हणून त्या माणसाच्या बाजूने दोन शब्द.

टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, कमी का पडतं ते सांगतो. पहिलं कारण पोतं. तोंड उघडं राहिलं, कोपऱ्यात ओल लागली की पावडरीतला दम जातो. नव्या पावडरीत क्लोरीन शंभरात तेहतीस-चौतीस असतो, तोच जुन्या पोत्यात निम्म्यावर येतो. दिसायला तीच पांढरी, मापही तेच, गुण नाही. दुसरं कारण लोक. जरा वास आला की टाकीखाली उभे राहून ओरडतात, "मामा, आज काय फिनेल ओतलंत काय?" मग माणूस उद्या एक माप कमी टाकतो. त्याला बोलणी खायची असतात, आजारी पडलेल्याचा हिशोब कोणी मागत नाही.

तिसरं म्हणजे व्हॉल्व्हचे खड्डे. सचिवसाहेब, एकदा पाणी बंद असताना जाऊन बघा. आमच्याकडे एका खड्ड्यात कायम गुडघाभर गढूळ पाणी, शेजारून गटार. पाणी चालू असतं तेव्हा फटीतून बाहेर उडतं, सगळ्यांना दिसतं. पाणी बंद केलं की उतारावरचा पाइप रिकामा होताना तीच फट खड्ड्यातलं पाणी आत ओढते. हे कोणाला दिसत नाही. मी एकदा बंद पाण्यात फटीवर तळहात धरून पाहिला, हात चिकटला होता. दुसऱ्या दिवशी पहिली पाच मिनिटं जे पाणी येतं ते त्या खड्ड्यातलं. आमच्याकडे जुन्या बायका पहिलं पाणी धरतच नसत, ते उगाच नव्हे.

निवळी
तळहात चिकटला हे वाचून अंगावर काटा आला. दिवसातून तास-दोन तास पाणी सोडणाऱ्या योजनांचं सगळ्यात मोठं दुखणं हेच. पाइपमध्ये दाब असतो तोवर गळतीतून पाणी फक्त वाया जातं. दाब गेला की तीच गळती घाण आत घेते.

वासाबद्दल पुरवणी: डोळ्यांत जाणारा उग्र वास बऱ्याचदा क्लोरीन जास्त झाल्याचा नसतो. क्लोरीन आणि अमोनिया यांचं लग्न लागलं की क्लोरामाइन होतात, त्यांतल्या काहींचा तो वास. अशा वेळी माप कमी केलं तर वासही राहतो आणि जंतूही.

टाकीखालचा
व्हॉल्व्हवाले काका, आमच्या योजनेवरच्या माणसालाही सगळे मामाच म्हणतात. तुमचं वाचून वही घेऊन त्यांच्यावर चालून जायचा विचार सोडून दिला. आधी समजून घेतो.

५०,००० लिटरला पावडर किती लागते हे कोणी गणित करून दाखवेल का? मामा "दोन डबे" म्हणतात. डबा कसला, विचारायची सोय नाही.

ओंजळ
सोपं आहे. समजा लिटरला २ मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचाय. ५०,००० लिटरला १,००,००० मिलिग्रॅम, म्हणजे १०० ग्रॅम शुद्ध क्लोरीन. पावडरीत तो ३३ टक्के असेल तर साधारण ३०० ग्रॅम पावडर, २५ टक्क्यांवर उतरला असेल तर ४०० ग्रॅम. पण २ हा आकडा माझा अंदाज. तुमच्या पाण्याची भूक किती ते बादलीभर पाण्यात वेगवेगळी मापं टाकून, अर्ध्या तासाने शिल्लक मोजून ठरवा, आणि पावसाळ्यात पुन्हा ठरवा.

पावडर थेट टाकीत भिरकावू नका. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवून लापशीसारखी करा, मग बादली भरा, चुना खाली बसू द्या आणि वरची निवळ तेवढी ओता. टाकी भरत असतानाच ओतली तर आपोआप ढवळली जाते. मग निदान अर्धा तास थांबायचं. जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक असा: पीएच ८ च्या खाली, अर्धा तास संपर्क, त्यानंतर शिल्लक निदान ०.५, आणि शेवटच्या नळाला निदान ०.२.

मोजणीवरून आमच्याच सोसायटीची फजिती. आम्ही डीपीडीच्या गोळ्या वापरतो, क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी होतं. टाकी धुतल्यावर मोजलं, रंगच नाही. शून्य! आणखी पावडर टाकली. पुन्हा शून्य. पुन्हा टाकली. तिसऱ्या वेळी नळाखाली धरलेला माझा निळा रुमाल पांढरा पडला तेव्हा उजेड पडला: क्लोरीन प्रमाणाबाहेर गेला की तो त्या गुलाबी रंगालाच धुऊन टाकतो. शंका आली की नमुन्यात दहापट साधं पाणी मिसळून पुन्हा मोजावं. ती अख्खी टाकी सोडून द्यावी लागली.

भोवरा
रुमालपद्धती. प्रमाणित करून घ्या.

मुळाक्षर
पण क्लोरीनने कॅन्सर होतो म्हणतात ते? मी छत्री पुन्हा उघडतोय.

डॉ_अर्धवट
क्लोरीन आणि पाण्यातली सेंद्रिय घाण मिळून ट्रायहॅलोमीथेन नावाची संयुगं बनतात, हे १९७४ मध्ये लक्षात आलं, आणि तेव्हापासून त्यांना मर्यादा घातल्या गेल्या. धोका शून्य नाही, पण तो वर्षानुवर्षांच्या सेवनाचा आणि अगदी लहान आहे. समोर जो आहे तो उद्या सकाळचा जुलाब. त्यावर उपाय क्लोरीन सोडणं नव्हे, पाणी आधी गाळून घेणं. गढूळपणा १ एनटीयूच्या खाली आणला की क्लोरीनही कमी लागतो आणि ही संयुगंही कमी होतात.

क्लोरीन सर्वशक्तिमान आहे असंही समजू नका. १९९३ साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात क्लोरीन घातलेल्या पाण्यातूनच क्रिप्टोस्पोरिडियम पसरला आणि सुमारे ४ लाख माणसं आजारी पडली. त्या परजीवीचं कवच क्लोरीनला दाद देत नाही, त्याला अडवते गाळणी. तिथे नेमकी गाळणीच ढिली पडली होती.

अवांतर: विहीर शेतांच्या मधोमध असेल तर नायट्रेटही तपासा. ते जास्त असेल तर तान्ह्या बाळांच्या रक्ताला प्राणवायू वाहता येत नाही, अंग निळसर पडतं. विहिरीच्या पाण्याशी त्याचा संबंध १९४५ मध्ये आयोवातल्या एका डॉक्टरने दाखवला. आणि पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट आटल्यामुळे वाढतं.

मुळाक्षर
घाबरवलंत डॉक्टर! आमच्या बोअरचा अहवाल आत्ता काढून पाहिला: नायट्रेट १२. मी अमेरिकन मर्यादा १० वाचलीय. आता?

निवळी
थांबा, घाबरू नका. अहवालावर "नायट्रेट" लिहिलंय की "नायट्रेट, नायट्रोजन म्हणून"? अमेरिकेतला १० हा आकडा फक्त त्यातल्या नायट्रोजनचा. तोच पूर्ण नायट्रेटमध्ये मांडायचा तर ४.४३ ने गुणायचं, म्हणजे ४४ च्या पुढेमागे. भारतीय मानकातला ४५ आणि जागतिक आरोग्य संघटनेचा ५० हे पूर्ण नायट्रेटचे. गोष्ट एकच, मापं दोन.

मुळाक्षर
नुसतं "नायट्रेट" लिहिलंय, पुढे काही नाही. म्हणजे १२ ला ४५ मर्यादा? जीव भांड्यात पडला.

निवळी
पडू द्या, पण प्रयोगशाळेला एकदा फोन करून विचारा. नुसता शब्द बघून मीही पैज लावणार नाही.

परदेशी_पक्षी
धागा उशिरा पाहिला. मूळ प्रश्न वहीचा होता ना? मी कॅनडात असतो, आणि इथे पाण्याच्या क्षेत्रात नव्याने आलेल्या प्रत्येकाला वॉकर्टनची गोष्ट सांगतात. ती नेमकी ०.५ ची आहे.

ऑन्टॅरिओतलं जेमतेम पाच हजार वस्तीचं गाव. मे २००० मध्ये मुसळधार पाऊस झाला. पाच नंबरची विहीर उथळ होती आणि जवळच्या शेतात खत म्हणून शेण पसरलेलं. पाण्याबरोबर ई. कोलायची जीवघेणी जात आणि कॅम्पिलोबॅक्टर नावाचे जंतू विहिरीत उतरले. सुमारे २,३०० माणसं आजारी पडली, ७ जण गेले.

न्यायालयीन चौकशीत वह्या तपासल्या. शिल्लक क्लोरीन रोज मोजायचा होता. बहुतेक दिवस कोणी मोजतच नव्हतं, रकान्यात ०.५ किंवा ०.७५ टाकून मोकळे. नमुन्याच्या बाटल्यांवर जागाही चुकीच्या लिहिलेल्या. आणि ज्याने माझी झोप उडवली ते हे: योजना चालवणाऱ्या त्या माणसांचा कोणाला इजा करायचा हेतू नव्हता. त्यांना मनापासून वाटायचं की आपलं पाणी मुळातच चांगलं आहे. विहिरीचं क्लोरीन न घातलेलं पाणी ते स्वतः प्यायचे. टाकीखालचा, तुमचे ज्येष्ठ "इतकी वर्षं पितोय" म्हणाले, तेव्हा मला तेच आठवलं.

पाऊस पडल्यावर क्लोरीनची भूक वाढली. कोणी खरंच मोजलं असतं तर त्याच दिवशी डबीतला रंग उडालेला दिसला असता. प्रयोगशाळेचा अहवाल यायच्या कितीतरी आधी.

तळ_दिसतो
गोष्ट माहीत आहे, पण तिचा शेवटही सांगा की. चौकशीने योजना चालवणाऱ्या त्या दोघा भावांवर ठपका ठेवला, तसा त्यांना प्रशिक्षण न देणाऱ्यांवर आणि सरकारी तपासणी यंत्रणेवरही ठेवला. शेण पसरणाऱ्या शेतकऱ्याची मात्र चूक नव्हती, त्याने सगळं रीतसर केलं होतं. नाहीतर आपण मामांना पकडून मोकळे व्हायचो.

आणि वही नसतानाही घात होतोच. न्यूझीलंडमध्ये हॅवलॉक नॉर्थला २०१६ साली क्लोरीन घालतच नव्हते, भूजल सुरक्षित आहे म्हणून. पावसात मेंढ्यांची घाण विहिरींपर्यंत पोचली आणि पाच हजारांवर माणसं आजारी पडली.

मुळाक्षर
हे सगळे नियम एवढ्याशा योजनांना असतात तरी का? ११० जोडण्या म्हणजे काय मोठं?

परदेशी_पक्षी
अमेरिकेच्या १९७४ च्या कायद्यात सार्वजनिक पाणी योजनेची खालची रेघ १५ जोडण्या किंवा २५ माणसं इतकी खाली आहे. लहान योजनांना सवलत मिळते ती नमुन्यांच्या संख्येत. हजार माणसांपर्यंत महिन्याला एक बाटली चालते.

ओंजळ
त्या एका बाटलीचं गणित करून बघा. दिवसाला ५०,००० लिटर, महिन्याला १५ लाख. त्यातले आपण तपासतो १०० मिलिलिटर. दीड कोटीतला एक भाग! तो भाग स्वच्छ निघाला म्हणून बाकीच्याची हमी कोण देणार? क्लोरीन मात्र रोज, चार नळांवर, दोन मिनिटांत मोजता येतो. म्हणून मला प्रयोगशाळेच्या अहवालापेक्षा ती वही मोलाची वाटते. आणि नेमकी तीच कोणी वाचत नाही.

भोवरा
टाकीखालचा गायब. टाकीवर चढला वाटतं.

टाकीखालचा
बारा दिवसांनी येतोय. खरंच टाकीवर चढलो होतो.

उसनी आणलेली डबी आणि ताजं रसायन घेऊन एका सकाळी मामांबरोबर फिरलो. टाकीजवळच्या नळाला पाऊण तासाने ०.५ च्या थोडं वर. शाळेजवळ ०.२. खालच्या आळीत शून्य. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. जिथे कोलिफॉर्म सापडले तो नळही खालच्या आळीतलाच.

मामांना विचारलं, तुमचा सकाळचा क्रम सांगा. पहाटे पाच वाजता ते खालच्या आळीचा व्हॉल्व्ह उघडतात, कारण तिथल्या लोकांना लवकर कामावर जायचं असतं. सहाला उजाडलं की बादली घेऊन टाकीवर जातात आणि निवळ ओततात. म्हणजे खालच्या आळीला रोज बिनक्लोरीनचं पाणी, आणि शाळेकडे निम्मंशिम्मं! म्हटलं, आधी का नाही ओतत? ते मला शिडीपाशी घेऊन गेले. वरून तिसरी आणि चौथी पायरी गंजून एका बाजूने सुटलेली, हात लावला की झुलते. "अंधारात बादली घेऊन चढून दाखवा," म्हणाले. मी उजेडात रिकाम्या हाताने चढलो, तेवढंच पुरे झालं.

वर झाकणाला कुलूप नव्हतं आणि ओसंडणाऱ्या पाण्याच्या पाइपला जाळी नव्हती. आत कबुतराची पिसं.

मग वहीचा विषय काढला. मामा गप्प बसले. नंतर कपाटातून ओटीची (ऑर्थोटोलिडीन, क्लोरीन मोजायचं जुनं रसायन) बाटली काढून दाखवली, तळाला वाळलेला पिवळा डाग. म्हणाले, "रसायन संपलं तेव्हा दोनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात मागवतो, तोवर रकाना रिकामा ठेवू नका." मी बैठकीचं इतिवृत्त काढलं. खरंच आहे. "क्लोरीन तपासणीचे रसायन मागवणे" हा विषय सलग पाच बैठकांत पुढे ढकललेला आहे. त्यातल्या तीन बैठकांना मी हजर होतो. सह्या आहेत माझ्या.

तळ_दिसतो
वा. आणि आपण माणसाला तोलत बसलो होतो.

निवळी
सहीबद्दल प्रांजळपणे लिहिलंत, बरं वाटलं. तूर्तास खालच्या आळीला काय सांगितलंत? आणि नवी खरेदी ओटीची करू नका. ते रसायन अपायकारक म्हणून बऱ्याच ठिकाणी बंद झालंय, आणि त्यात मोकळ्या क्लोरीनबरोबर अमोनियाशी बांधलेलाही रंग देतो. डीपीडी घ्या.

टाकीखालचा
डीपीडीच मागवलंय. खालच्या आळीत घरोघर जाऊन सांगितलं की पुन्हा कळवेपर्यंत पिण्याचं पाणी खळखळून उकळा. चार जणांनी शिव्या घातल्या, एका आजींनी "आम्ही पहिल्यापासून उकळतोच" म्हणून मला पाणी दिलं.

क्रम बदलला. टाकी आता संध्याकाळी भरते आणि निवळ तेव्हाच, उजेडात ओतली जाते. रात्रभर पाण्याला वेळ मिळतो. नव्या क्रमाच्या पहिल्या सकाळी खालच्या आळीत ०.१ आला. माप थोडं वाढवलं, आता ०.२ आणि ०.३ च्या मध्ये हलतोय. नमुने दिलेत, या वेळी बाटल्या न विसळता.

पहिल्या दिवशी मामांनी नवी वही उघडली, रकान्यावर पेन धरलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "०.१ असंच लिहू?"

म्हटलं, असंच लिहा.

व्हॉल्व्हवाला
शिडीचं काय केलंत?

टाकीखालचा
वेल्डिंगवाला उद्या येतोय काका. झाकणाला कुलूप लागलं, पण किल्ली कोणाकडे ठेवायची यावरून दोन बैठका झाल्या आहेत.

भोवरा
आणि नवी वही बघून ज्येष्ठ काय म्हणाले?

टाकीखालचा
"आमच्या वेळी कायम ०.५ असायचा. तुम्ही आलात आणि कमी झाला."